फी माफ झाली, पण मेसचं काय?



दिवाळीनंतरच्या एका बैठकीची गोष्ट सांगते. नेहमीसारखी बचत गोळा झाली, परतफेडीचे पैसे मोजून झाले आणि कर्जमागणीचा विषय निघाला. एक ताई म्हणाली, मला वीस हजार लागतात. सचिवानं कारण विचारलं, तर म्हणाली, "लिहा घरखर्च."

मी सीआरपी म्हणून तिथंच बसले होते. तिच्या घरात माणसं तीन, रेशन मिळतं, सोयाबीन नुकतंच विकलेलं. वीस हजारांचा घरखर्च कसला? अध्यक्षबाईंनी दोनदा विचारलं तेव्हा कुठे ती बोलली. मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. दोन महिन्यांची खोली थकलेली. मेस बंद केलेली, एका वेळचं जेवण आणि एका वेळेला बिस्किटाचा पुडा. हे मुलीनं सांगितलंच नव्हतं, खोलीतल्या दुसऱ्या पोरीनं फोन करून सांगितलं. आणि घरी नवरा म्हणत होता, "पैसे नसतील तर घेऊन ये तिला, एक स्थळ आलंय."

म्हणजे मागणी वीस हजारांची होती, पण विषय त्या पोरीच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा होता. आपल्या गावातून शिकायला गेलेली पोरं आता दर दोन-चार घरांमागे आहेत, म्हणून हे जरा उलगडून लिहिते.

पहिली गोष्ट फीची. 2024 च्या जुलैमध्ये सरकारनं निर्णय घेतला की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. निर्णय चांगलाच आहे, त्यानं कितीतरी मुली घराबाहेर पडल्या. पण गावात त्याचा अर्थ "मुलींचं शिक्षण फुकट" असा पसरला. माफ होते ती शिकवणीची आणि परीक्षेची फी. खोलीचं भाडं, मेस, बसचा पास, मोबाईल, झेरॉक्स यातलं काहीच माफ होत नाही. या ताईच्या मुलीचा महिन्याचा हिशोब आम्ही बैठकीतच फोन लावून लिहून घेतला. चौघींच्या खोलीत एक कॉट 3,000, दोन वेळची मेस 3,000, बस आणि मोबाईल 900, झेरॉक्स-प्रोजेक्ट 600. एकूण 7,500. घरून जात होते 4,000. म्हणजे दर महिन्याला 3,500 चा खड्डा, आणि तो दीड वर्षापासून पडत आला होता. पहिल्यांदा मैत्रिणीकडून उसने, मग मामाकडून, मग मेसवाल्याची उधारी.

आता कोणीही म्हणेल, मग पोरीनं काम का नाही केलं? बैठकीत एकीनं म्हटलंच, "पुण्यात काय कामाला तोटा आहे का?"

तोटा नाही, पण शिकणाऱ्या पोरीला बसेल असं काम मिळणं अवघड आहे. तिनं काय काय केलं ते ऐका. कापडाच्या दुकानात विचारलं, तर सकाळी दहा ते रात्री नऊ पूर्ण वेळ पाहिजे. कॉलेज चारला सुटतं. कॉल सेंटरला रात्रपाळी, आणि ती राहते तिथलं दार नऊला बंद होतं. घरपोच जेवण पोहोचवायचं काम आहे, पण त्याला गाडी पाहिजे, लायसन्स पाहिजे, पेट्रोलचा खर्च आपला. शिकवण्या घ्याव्यात तर नव्या शहरात ओळख नाही, कोण आपली लेकरं पाठवणार? केटरिंगला वाढपी म्हणून दोन लग्नांत गेली, तर दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला झोप आवरेना. तीन महिने अशी हिंडली ती. आळशी पोरगी नव्हे. पैसे संपत आले की माणूस कामं धडपणे शोधतही नाही, दिसेल त्या दाराला हात लावतो.

आणि नेमकं तेव्हाच फसवणारा भेटतो.

मोबाईलवर जाहिरात आली, घरबसल्या डेटा एन्ट्री, महिना पंधरा हजार, नोंदणीचे फक्त 1,500. तिनं मेसचे ठेवलेले 1,500 भरले. दहा दिवस रात्री जागून पानंच्या पानं टाईप केली. मग निरोप आला की तुमच्या कामात चुका जास्त आहेत, करार मोडला, आता दंड भरा. पाठोपाठ वकिलाच्या नावाची नोटीस मोबाईलवर. पोरगी इतकी घाबरली की आईला सांगणं तर सोडाच, फोनच घेईना. ताईंनो, ही फसवणूक ठरलेल्या साच्याची आहे. काम देण्याआधी नोंदणी, अनामत, गणवेश, लॅपटॉप, ट्रेनिंग असं काहीही सांगून जो पैसे मागतो, तो काम देणारा नाही. अशी नोटीस आली तर घाबरून एक रुपयाही भरायचा नाही. 1930 या सायबर हेल्पलाईनला फोन करायचा, आणि जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त. आपल्या पोरांना हे आजच सांगून ठेवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे सांगा, की फसलास तरी घरी सांग, आम्ही ओरडणार नाही. पोरं पैशापेक्षा ओरड्याला जास्त घाबरतात, हे माझं इतक्या वर्षांचं पाहणं आहे.

आता कर्जाकडे येते. अध्यक्षबाईंनी त्या दिवशी एकच प्रश्न विचारला, "हे वीस हजार किती महिने पुरणार?" महिन्याला साडेतीन हजारांचा खड्डा, म्हणजे साडेपाच महिने. नंतर? नंतर काही उत्तर नव्हतं. आमच्या गटाचा व्याजदर महिना शेकडा दोन. वीस हजारांवर पहिल्या महिन्याचं व्याज चारशे. दर महिन्याला दोन हजार मुद्दल फेडत गेलं, तर दहा महिन्यांत व्याज 2,200 होतं. आणि फेडायचं कशातून? तिथला खड्डा तसाच राहून इथे दोन हजारांचा हप्ता नवा. शेळीसाठी किंवा शिलाई मशीनसाठी कर्ज घेतलं की ती वस्तू हप्ता काढून देते. मेससाठी घेतलेलं कर्ज पोरगी खाऊन अभ्यास करते, त्याचं फळ तीन वर्षांनी. दोन्ही कर्जं खरी आहेत, पण दोन्हीला एकच माप लावून चालत नाही. खाण्यासाठीचं कर्ज कमी घ्यायचं, थोड्या मुदतीचं घ्यायचं, आणि पुढचे पैसे कुठून येणार हे ठरवूनच घ्यायचं.

(सावकाराचं तर नावच काढू नका. शेकडा पाचनं वीस हजारांचं महिन्याचं व्याज हजार. वर्षभरात बारा हजार देऊन मुद्दल जिथल्या तिथं.)

मग आम्ही पोरीला विचारलं, महाडीबीटीवर काही अर्ज केलाय का? म्हणाली, वसतिगृह निर्वाह भत्त्याचा केलाय, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची योजना आहे ती, अल्पभूधारकांच्या मुलांसाठी. मंजूर दिसतंय, पण पैसे आलेच नाहीत. पुण्यातल्या बँकेत तीनदा जाऊन आली होती. आमच्या बँक सखीनं एक वेगळाच प्रश्न विचारला, "आधार कुठल्या खात्याला जोडलंय?" कारण सरकारी पैसे आधारवरून येतात तेव्हा आपण कुठलं पासबुक दाखवतो याला अर्थ नसतो. ज्या खात्याला आधार शेवटचं जोडलेलं असेल, त्यातच जाऊन पडतात. या पोरीचं आठवीत असताना गावच्या शाखेत शिष्यवृत्तीसाठी खातं काढलेलं होतं. पासबुक आईच्या पेटीत, पाच वर्षांत कोणी भरून आणलेलं नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन भरलं, तर पहिला हप्ता तिथं दोन महिन्यांपासून पडून होता.

लगेच सगळं सुटलं असं नाही. त्यातून थकलेलं भाडं आणि मेसची उधारी फिटली, वर थोडे उरले. पण एक कळलं, की दुसरा हप्ता येणार आहे. उशिरा येईल, या योजनांचे पैसे वेळेवर येतात असं मी म्हणणार नाही. पण येणार असलेल्या पैशाच्या भरवशावर मधले तीन-चार महिने काढायला घेतलेलं कर्ज गटाला परवडतं.

तुमच्या घरी मूल शिकत असेल तर कोणती योजना बसते ते बघा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, पुण्या-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला 60,000 पर्यंत. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना. इतर मागास, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. सगळीकडे अटी आहेत आणि अर्जाची तारीख निघून गेली की वर्ष गेलं. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला हे जूनच्या आत काढून ठेवा, तेव्हा सेतूमध्ये रांग लागते.

बँकेच्या शैक्षणिक कर्जाबद्दलही आपल्यात मोठा गैरसमज आहे. ते फक्त फीसाठी नसतं. वसतिगृह, मेस, पुस्तकं, लॅपटॉप यांचाही खर्च त्यात धरता येतो. चार लाखांपर्यंत तारण मागितलं जात नाही, आणि साधारणपणे शिक्षण संपल्यावर एक वर्षापर्यंत हप्ता सुरू होत नाही. व्याज मात्र धरलं जातं, हे लक्षात ठेवा. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर करता येतो. आईच्या नावावर तीन-तीन ठिकाणचं छोटं कर्ज उचलण्यापेक्षा मुलाच्या शिक्षणाच्या नावावर एक नीट कर्ज बरं, असं माझं मत आहे.

आता कामाचं. पोरीला आम्ही सांगितलं, बाहेर हिंडू नको, आधी कॉलेजमध्येच विचार. पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांत "कमवा आणि शिका" योजना चालते. ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा, बाग अशी तासांवर कामं असतात, तास संपले की अभ्यासाला मोकळं. तिनं कधी विचारलं नव्हतं. विचारायची लाज वाटली, म्हणाली, "मैत्रिणी बघतील." यात लाजायचं काय? कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था उभी केली ती मुलांना हातानं काम करून शिकायला लावूनच. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं. तुम्ही मंगळसूत्र मोडा असं मी मुळीच सांगत नाहीये! पण त्या वसतिगृहात काम करून शिकलेल्या पोरांनी मान खाली घातली नाही, एवढं पोरांना सांगा. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीसारखी, 1955 पासून खेड्यातल्या मुलामुलींसाठी वसतिगृहं चालवणारी संस्थाही आहे. तिथे अर्ज करून मुलाखत द्यावी लागते, म्हणून शहरात जायच्या आधीच चौकशी करायची.

शिक्षण पूर्ण झालंय आणि नोकरी नाही, अशांचं वेगळं. त्यांनी नुसतं शहरात बसून भाडं भरत वाट बघू नये. शिकाऊ उमेदवारीचा कायदा 1961 चा आहे. 2019 च्या नियमांत किमान विद्यावेतन पदविकाधारकाला महिना 8,000 आणि पदवीधराला 9,000 ठरवलंय. हा पगार नव्हे आणि पुढे कायम करण्याची हमीही नाही, पण खोली आणि मेस निघते, आणि "अनुभव आहे का?" या प्रश्नाला एक कागद मिळतो. जिल्ह्याच्या रोजगार मार्गदर्शन केंद्रात नोंदणी फुकट होते. मधेच शिक्षण सुटलेल्यांसाठी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आहे, प्रशिक्षण आणि राहणं-जेवण मोफत. गावच्या सीआरपीला विचारा.

स्पर्धा परीक्षेच्या पोरांबद्दल दोनच शब्द, कारण तो विषय मोठा आहे. सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत अभ्यासिकांमध्ये आपल्या भागातली किती पोरं बसलीत ते तुम्हाला माहीत आहे. 2021 च्या मार्चमध्ये तीन दिवसांवर आलेली परीक्षा पुढे ढकलली तेव्हा पोरं रस्त्यावर उतरली. ती एका तारखेसाठी चिडली नव्हती. पुढचे कितीतरी महिने खोलीचं भाडं पुन्हा कोणाकडे मागायचं, हा प्रश्न होता. अशा मुलाशी भांडू नका. पण किती वर्षं आणि किती पैसे हे त्याच्यासोबत बसून कागदावर लिहा, आणि त्या तारखेनंतर दुसरं काय करायचं हेही त्याच कागदावर लिहून घ्या.

त्या ताईचं पुढे काय झालं? गटानं वीसऐवजी आठ हजार दिले, आठ हप्त्यांत. बाप अजून कुरकुरतो. स्थळ गेलं, त्याचा राग आहे. पोरगी ग्रंथालयात रोज दोन तास काम करते, तरी महिन्याला हजार-बाराशे कमी पडतात. ते आई सध्या शेवयांच्या ऑर्डरीतून काढते. दर रविवारी रात्री दोघी फोनवर आठवड्याचा खर्च बोलून घेतात, आधी पैसे आणि मग बाकीच्या गप्पा.

आणि प्रोसिडिंगमध्ये सचिवानं "घरखर्च" खोडून कर्जाचं कारण लिहिलं, मुलीची मेस.