पडद्यावरचें कपाट, घरांतलें कपाट

घर लावणें ही गोष्ट आजवर बळाची आणि अंदाजाची मानली जात असे. कपाट या भिंतीला लावून पाहावें, शोभलें नाहीं तर चौघांनीं मिळून तें त्या भिंतीला न्यावें, आणि फरशीवर ओरखडे उठल्यानंतर तें मूळच्या जागीं परत यावें, हा अनुभव बहुतेक कुटुंबांच्या परिचयाचा आहे. आतां संगणकावर घराचा आराखडा काढून त्यांत पलंग, टेबल, कपाट मांडून पाहतां येतें. बोटाच्या हालचालीसरशी या वस्तू वळतात, रुंदावतात, आंखूड होतात. ही सोय मोठी आहे यांत शंका नाहीं. परंतु वळविणें आणि आकार बदलणें या दोन क्रियांमधील भेद ध्यानांत न घेतल्यास पडद्यावर सुरेख दिसणारें घर प्रत्यक्षांत पैशाचा अपव्यय ठरतें.

संगणकाच्या पडद्यावर रेषा काढून ती हवी तशी फिरविण्याचा पहिला गाजलेला प्रयोग 1963 सालीं अमेरिकेंत इव्हान सदरलंड यांनीं ‘स्केचपॅड’ या नांवानें केला. पण न बनलेली वस्तू मनांत फिरवून पाहण्याची विद्या त्याहून पुष्कळ जुनी आहे, आणि तिचा महाराष्ट्रांतील एक धागा औंध संस्थानांत सांपडतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकण्यासाठीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेले होते. रंगांची पारख डोळ्यांना पुरती होत नाहीं असें आढळल्यावर त्यांनीं रंग सोडले आणि यंत्रांचें रेखांकन धरलें. पुढें व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें ते हाच विषय शिकवीत. 1910 सालीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांत, कुंडल रोड स्टेशनाजवळ, त्यांना कारखान्यासाठीं जागा दिली. तीच आज सांगली जिल्ह्यांत असलेली किर्लोस्करवाडी होय.

यंत्राच्या रेखांकनांत एकाच वस्तूचीं तीन रूपें काढतात: वरून दिसणारें, समोरून दिसणारें आणि बाजूनें दिसणारें. या तीन सपाट चित्रांवरून कारागीर संपूर्ण वस्तु मनांत उभी करतो. संगणक हेंच काम उलट क्रमानें करतो. त्याच्या स्मरणांत प्रत्येक कोपऱ्याचीं लांबी, रुंदी आणि उंची अशीं तीन मापें असतात, आणि मागाल त्या बाजूचें चित्र तो क्षणांत काढून देतो.

येथें नवशिक्याचा पहिला गोंधळ होतो. पडद्यावर खुर्ची फिरली, म्हणजे खुर्चीच फिरली असें नव्हे. कदाचित् पाहणाराच तिच्याभोंवतीं फिरला असेल. हा भेद समजण्यास औंधचेंच दुसरें उदाहरण उपयोगीं पडतें. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. सातारा जिल्ह्यांतील औंध गांवीं टेकडीच्या उतारावर 1938 सालीं त्यांनीं उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयांत राजा रविवर्म्याचीं चित्रें आहेत, तसेंच हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचें माता व बालक हें शिल्पहि आहे. चित्र समोर उभें राहून पाहतां येतें. शिल्पाला मात्र प्रदक्षिणा घालावी लागते. दर पावलागणिक शिल्प नवें दिसतें, तरी तें आपल्या जागेवरून तसूभरहि हललेलें नसतें. घराच्या सॉफ्टवेअरमध्यें ‘दृष्टि फिरविणें’ आणि ‘वस्तु फिरविणें’ हीं दोन निरनिराळीं साधनें ठेवलेलीं असतात तीं याच कारणानें. पहिल्यानें घरांत कांहींच बदलत नाहीं. दुसऱ्यानें कपाटाचें दार भिंतीकडे तोंड करून बसूं शकतें.

वस्तु वळवावयाची तर तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: आंस, केंद्र आणि कोन. उभ्या आंसाभोंवतीं फिरविलें तर पलंगाचें डोकें पूर्वेकडून दक्षिणेकडे जातें. आडव्या आंसाभोंवतीं फिरविलें तर तोच पलंग भिंतीशीं उभा राहतो. केंद्राचें महत्त्व दारावरून कळतें. दार बिजागरीच्या कडेभोंवतीं फिरतें, मध्यभागाभोंवतीं नव्हे. केंद्र मध्यावर ठेवून तें फिरविलें, तर अर्धें दार खोलींत आणि अर्धें बाहेर जाईल. कोनासाठीं ‘स्केचअप’सारख्या सॉफ्टवेअरमध्यें शाळेंतल्या कोनमापकासारखें वर्तुळ दिसतें, आणि तें सामान्यतः 15-15 अंशांच्या टप्प्यावर आपोआप थबकतें. सुताराचा गुण्या जसा काटकोन चुकूं देत नाहीं, तसेंच हें साहाय्य होय.

आंतील गणित फार अवघड नाहीं. केंद्रापासून 3 फूट उजवीकडे आणि 1 फूट पुढें असलेला कोपरा डावीकडे काटकोनांत वळविला, म्हणजे तो 1 फूट डावीकडे आणि 3 फूट पुढें जातो. मधल्या कोनांसाठीं ज्या आणि कोटिज्या लागतात. आर्यभटाच्या काळापासून भारतीय ज्योतिष्यांनीं ज्यांच्या सारण्या केल्या त्याच या राशि. या सगळ्या खटाटोपांत कोपऱ्याचें केंद्रापासूनचें अंतर तिळमात्र बदलत नाहीं. वळविण्याचें मुख्य लक्षण हेंच: वस्तूची दिशा बदलते, वस्तु बदलत नाहीं.

वस्तु न बदलली तरी तिला लागणारी जागा मात्र बदलते. 4 फूट लांब व 2 फूट खोल कपाट भिंतीला समांतर असतांना 8 चौरस फूट जागा व्यापतें. तेंच 45 अंशांत तिरपें केलें, तर त्याच्याभोंवतीं आंखलेला चौकोन प्रत्येक बाजूस सुमारें 4 फूट 3 इंच, म्हणजे 18 चौरस फुटांचा होतो. याहून फसवी गोष्ट उंचीची आहे. जुन्या वाड्यांतील माजघरांत तुळईखालीं 7 फूट 2 इंच मोकळे आहेत असें समजा. 7 फूट उंच आणि 2 फूट खोल कपाट तेथें उभें मावतें, आणि पडद्यावर तें ऐटींत उभेंहि राहतें. परंतु आडवें आणलेलें कपाट खालच्या कडेवर टेकवून उभें करतांना त्याचा कर्ण वर येतो. भुजकोटिकर्णन्यायानें तो 7 फूट 3 इंचांहून थोडा अधिक भरतो. कपाट तुळईला अडकतें, आणि बोलाविलेले हमाल यजमानांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. कपाट उभें करतांना आड येणाऱ्या तुळईबद्दल सॉफ्टवेअर सहसा कांहींच तक्रार करीत नाहीं. म्हणून वस्तु मावते कीं नाहीं एवढेंच न पाहतां, दारांतून, जिन्यांतून वळून ती तेथवर पोंचते कीं नाहीं, हेंहि पाहणें अवश्य आहे.

आकार बदलण्याची गोष्ट निराळी. हा बदल दोन प्रकारचा असतो. सर्व दिशांनीं सारख्या प्रमाणांत वाढविलें, तर रूप तेंच राहतें, माप बदलतें. नांगराचा बीडाचा भाग ओतावयाचा असतो, तेव्हां प्रथम लांकडी नमुना करून त्यावरून वाळूचा साचा घेतात. बीड थंड होतांना आकसतें; म्हणून नमुना फुटामागें सुमारें एक अष्टमांश इंच मोठा ठेवण्याचा ओतकामाचा रिवाज आहे. हें सम प्रमाणाचें वाढविणें होय, आणि त्याला धातूच्या स्वभावाचा आधार आहे.

दुसरा प्रकार एकाच दिशेनें ताणण्याचा. पडद्यावर हाच सर्वांत सोपा, आणि हाच सर्वांत घातक. 3 फुटांचें कपाट कडेला धरून 6 फूट रुंद केलें, तर पाऊण इंचाची उभी फळी दीड इंचाची होते, गोल मुठी लंबगोल होतात. टेबल आधीं 45 अंशांत वळवून मग भिंतीच्या दिशेनें ताणलें, तर चौकोनाचा शंकरपाळा होतो. तेच टेबल आधीं ताणून मग वळविलें असतें, तर काटकोन शाबूत राहिले असते. क्रियांचा क्रम बदलला कीं फळ बदलतें, हें येथें स्पष्ट दिसतें.

याला उपाय आहे. सगळें कपाट न ताणतां त्याच्या घटकांत शिरावें, एका टोकाचे तेवढे बिंदु निवडावे आणि ते हवे तितके सरकवावे. मग आडव्या फळ्या लांबतात, उभ्या फळीची जाडी तीच राहते, मुठी गोलच राहतात. सुतार नेमकें हेंच करतो: लांब कपाट करावयाचें म्हणून तो जाड फळी आणीत नाहीं, लांब फळी कापतो, आणि फार लांब झाली तर ती वजनानें वांकूं नये म्हणून मधें आधार देतो. हा आधार संगणक आपण होऊन देत नाहीं.

यांतून गृहस्थ आणि गृहिणी यांना एक साधा नियम हातीं लागतो. घरांत असलेल्या किंवा दुकानांतून तयार आणावयाच्या वस्तूचें माप टेपानें मोजून प्रथम कायम करावें. ती वस्तु पडद्यावर हवी तितकी वळवावी, पण बोटभरहि ताणूं नये. जी वस्तु सुताराकडून नवी करवून घ्यावयाची, तिचाच आकार बदलावा, आणि तोहि फळीची जाडी, दाराची फेंक आणि माणसाला वावरण्यास लागणारी वाट ध्यानांत धरून. पलंग खोलींत बसत नाहीं म्हणून पडद्यावर अर्धा फूट कमी केला, तर चित्र पुरें होतें. परंतु त्या पलंगावर निजणाऱ्याची उंची अर्ध्या फुटानें कमी होत नाहीं.