वीस कड्या, दहा इंच

मोटरसायकलची चेन ढिली पडली की आपण म्हणतो, ती ताणली गेली. गॅरेजवालाही तेच म्हणतो. शब्द बोलायला सोयीचा आहे, पण त्याने एक गैरसमज पक्का होतो. ओढ बसून पोलाद रबरासारखं लांबावं, असं चेनमध्ये काही घडत नाही. चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते, तिच्याभोवती बुश नावाची बारीक नळी आणि नळीवर फिरता रोलर. कडी स्प्रॉकेटच्या, म्हणजे दातेरी चाकाच्या, दात्यावर चढताना आणि उतरताना पिन बुशमध्ये किंचित वळते आणि त्या वळण्यात दोघांचंही पोलाद कणाकणाने झिजतं. एका सांध्यातली झीज डोळ्याला दिसत नाही. पण शंभराहून जास्त सांधे एकापुढे एक ओवलेले असले की या केसाएवढ्या फटींची बेरीज होते आणि चेन इंचभरसुद्धा लांब होते. ढिली वस्तू आवळून भागतं. झिजलेली वस्तू आवळून पूर्ववत होत नाही. मात्र झीज मोजता येते. चेन आणि स्प्रॉकेट घरी बदलावीत का, या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते या एका गोष्टीत आहे. हे काम हाताच्या कसबाचं कमी आणि मोजमापाचं जास्त आहे, म्हणून ते घरी जमतं; आणि ज्याला मोजायचा कंटाळा आहे, त्याने ते घरी करू नये.

मोजायचं कसं, हे कळायला चेनच्या जन्माकडे एकदा पाहायला हवं. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या हान्स रेनॉल्ड यांनी इंग्लंडमधल्या मँचेस्टर परिसरात कापडगिरण्यांच्या यंत्रांना चेन पुरवणारा छोटा कारखाना घेतला आणि १८८० मध्ये बुश-रोलर चेनचं पेटंट मिळवलं. त्याआधीच्या चेनमध्ये पिनेचा सगळा भार पातळ पट्ट्यांच्या कडांवर यायचा आणि त्या लवकर खचायच्या. रेनॉल्ड यांनी मध्ये नळी घातली, भार लांब पृष्ठभागावर पसरला आणि चेनचं आयुष्य वाढलं. आज आपल्या रस्त्यांवरच्या गाड्यांची चेन त्याच रचनेची आहे आणि तिच्या मापात इंग्रजी इंचही तसाच टिकून आहे. शंभर ते दीडशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना ४२८ नंबरची चेन लागते. यातला पहिला ४ म्हणजे इंचाचे चार अष्टमांश. दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. मोठ्या गाड्यांच्या ५२० नंबरमधला ५ म्हणजे पाच अष्टमांश, अर्थात १५.८७५ मिलिमीटर. यातून एक सोपा हिशेब हाती येतो. ४२८ च्या नव्या चेनच्या २० कड्या बरोबर १० इंच, म्हणजे २५४ मिलिमीटर भरतात. एका पिनेच्या मध्यावर खडूने खूण करायची, तिथून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत चेन ताठ धरून फूटपट्टी लावायची. हे माप २५९ च्या आसपास गेलं, तर झीज दोन टक्क्यांवर आली आणि साध्या चेनचे दिवस भरले. सांध्यांत रबरी ओ-रिंग बसवलेल्या चेनची मर्यादा याहून कमी असते. कावासाकीच्या काही गाड्यांच्या पुस्तिकेत पाच अष्टमांशाच्या चेनच्या २० कड्यांसाठी नवं माप ३१७.५ आणि शेवटची मर्यादा ३२३ मिलिमीटर दिली आहे. ती पावणेदोन टक्क्यांच्या आत येते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा.

चेन संपली हे ठरलं की पुढचा प्रश्न येतो तो पैशांचा. चेन संपली तर चेन बदला. दोन्ही स्प्रॉकेटचे दाते अजून शाबूत दिसतात, मग अख्खा संच कशाला? आक्षेप चुकीचा वाटत नाही, कारण काटकसर हा काही दोष नव्हे. पण दात्यांचं गणित वेगळं आहे. मागच्या चाकाचा घेर साधारण १.९ मीटर धरला, तर २०,००० किलोमीटरमध्ये ते चाक एक कोटीहून जास्त वेळा फिरतं. पुढच्या स्प्रॉकेटला १४ आणि मागच्याला ४२ दाते असतील, तर तेवढ्या अंतरात पुढचं तीन कोटींहून जास्त वेळा फिरतं. मागच्या प्रत्येक दात्याने एकदा मार खाल्ला, तर पुढच्याने तीनदा खाल्लेला असतो. आणि हे पुढचं स्प्रॉकेट झाकणाखाली असल्यामुळे बहुतेकांच्या नजरेला कधी पडतच नाही. आपण पाहतो ते मागचं, आणि निर्वाळा देतो दोघांचा.

शिवाय चेन आणि दाते एकमेकांच्या संगतीने झिजतात. चेनचं माप वाढलं की रोलर दात्याच्या खोबणीत तळाशी न बसता वर सरकतो, भार थोड्याच दात्यांवर येतो आणि दात्यांची एक बाजू खाल्ली जाऊन त्यांना आकडीसारखा बाक येतो. अशा दात्यांवर नवी चेन चढवली, तर दोघांची मापं जुळत नाहीत. दहा-बारा दात्यांनी वाटून घ्यायचा भार दोन-तीन दाते उचलतात, सुटणारा रोलर आकडीत अडकतो आणि नवी चेन जुन्या स्प्रॉकेटच्या मापाची व्हायला लागते. उलट जुन्या चेनवर नवं स्प्रॉकेट टाकलं, तर चेन त्याला आपल्या मापाचं करून घेते. तिन्ही वस्तू एकाच पाकिटात, संच म्हणून विकल्या जातात, त्यामागे दुकानदाराचा फायदा असेलही. पण त्यामागचं यंत्रशास्त्र खरं आहे. अपवाद एकच. नव्या गाडीची चेन अपघाताने किंवा तेलाअभावी लवकर गेली आणि दाते मापात, सरळ आणि सारख्या आकाराचे असतील, तर फक्त चेन बदलण्यात चूक नाही. पण ते पुढचं झाकण उघडून, दोन्ही स्प्रॉकेट पाहून ठरवायचं, अंदाजाने नाही.

आता प्रत्यक्ष काम. गाडी डबल स्टँडवर, सपाट फरशीवर. मातीच्या अंगणात स्टँड रुततो. पान्यांचा सेट, नोज प्लायर, स्टीलची फूटपट्टी, रॉकेल आणि जुना टूथब्रश एवढं सामान पुरतं. नव्या संचाचा चेन नंबर, दाते आणि कड्यांची संख्या जुन्याशी ताडून पाहायची, आणि तेही पाकीट फोडण्याआधी. नवख्या माणसाची गाडी अडते ती पुढच्या स्प्रॉकेटवर. काही गाड्यांत ते दोन छोट्या बोल्टांच्या पत्री चकतीने धरलेलं असतं, काहींत मोठ्या नटाने. चेन काढून टाकल्यावर हे बोल्ट सोडवायला गेलात, तर स्प्रॉकेट हाताबरोबर फिरत राहतं. म्हणून जुनी चेन जागेवर असतानाच, इंजिन बंद ठेवून, गाडी गिअरमध्ये टाकून, दुसऱ्या कुणाला मागचा ब्रेक दाबायला लावून ते सैल करून घ्यायचं. मग चेनचं लॉक, म्हणजे तिची दोन टोकं जोडणारी कडी, काढायचं, मागचं चाक सोडवायचं आणि दोन्ही स्प्रॉकेट बदलायची. चाक हातात आहे तोवर हबमधली रबरं चाचपून घ्यावीत; ती दबून सैल झाली असतील, तर नव्या चेनलाही प्रत्येक गिअरला झटका बसत राहतो. नवी चेन जोडताना लॉकच्या पत्तीचं बंद तोंड चेनच्या चालीच्या दिशेला हवं. वरच्या बाजूची चेन पुढे ओढली जाते, म्हणून तिथे पत्तीचं बंद टोक इंजिनाकडे येतं. उलटी बसवलेली पत्ती कशाला तरी घासून उघडू शकते.

चेन चढली की खरं मोजमाप सुरू होतं. ती किती ढिली ठेवायची, याबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एकाला ती वीणेच्या तारेसारखी ताठ हवी असते, दुसऱ्याला खडखड होईपर्यंत सैल चालते. खरं कारण चिमट्यात, म्हणजे स्विंग आर्ममध्ये आहे. चिमटा ज्या खिळीवर वरखाली होतो ती खिळी आणि पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य एका जागी नसतात. म्हणून खड्ड्यात चाक वर गेलं की दोन स्प्रॉकेटमधलं अंतर बदलतं. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याची खिळी आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की ते सगळ्यांत जास्त होतं आणि चेन सगळ्यांत ताठ. स्टँडवर ताठ दिसणारी चेन दोन माणसं बसल्यावर गिअरबॉक्सच्या बेअरिंगलाच ओढायला लागते. बऱ्याच साध्या गाड्यांत खालच्या चेनच्या मध्यभागी २० ते ३० मिलिमीटर वरखाली खेळ सांगितलेला असतो. नेमका आकडा पुस्तिकेत किंवा चेनजवळच्या स्टिकरवर मिळतो. चाक हाताने फिरवत तीन-चार जागी खेळ पाहायचा आणि सगळ्यांत ताठ जागेवर तो बसवायचा. चिमट्याच्या दोन्ही बाजूंना खुणा असतात. ॲडजस्टरचे नट दोन्हीकडे सारखेच आटे फिरवून चाक दोन्ही खुणांवर एकाच रेघेला आणायचं. ॲक्सलचा नट सांगितलेल्या ताकदीने आवळायचा आणि कॉटर पिन असेल तर नवी घालायची. चाक मागेपुढे झालं की मागच्या ब्रेकचा खेळही बदलतो. तोही बसवून, ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा लागतो का हे पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही.

यावर सगळ्यांत मजबूत आक्षेप मेकॅनिकच्या बाजूने येतो. ज्याने हजारो चेन बदलल्या, त्याच्या हाताची बरोबरी फूटपट्टी घेऊन बसलेला माणूस कशी करणार? आणि संचाच्या किमतीपुढे मजुरी असते तरी किती? दोन्ही मुद्दे खरे आहेत. चांगला मेकॅनिक चेन हातात धरून जे ओळखतो, ते आपल्याला दहा मोजमापांनी कळतं. पण त्याच्याकडे एक गोष्ट नसते ती वेळ. दारात पाच गाड्या उभ्या असताना चाक फिरवून चार जागी खेळ पाहणं, हबची रबरं तपासणं, पुढचं झाकण उघडून आतली साठलेली मळी खरवडणं, हे त्याला परवडत नाही. तो अनुभवाने अंदाज बांधतो आणि बहुतेक वेळा तो बरोबर येतो. रविवारी सकाळी तीन तास देणाऱ्या मालकाला अंदाजाची गरज पडत नाही. म्हणून मजुरी वाचते हे घरच्या कामाचं दुय्यम कारण आहे. पहिलं कारण हे की, जो मोजतो त्याला आपल्या गाडीची पुढची दोन-तीन वर्षं आधीच वाचता येतात.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आणि तो नुसता ऐकून सोडण्यासारखा नाही. सुटलेला ॲक्सल जीव घेऊ शकतो. म्हणून घरच्या कामाची हद्द स्पष्ट हवी. पत्तीच्या लॉकची चेन, ड्रम ब्रेक, सुटण्याजोगे नट, एवढं असेल तर काम घरचं आहे. चेनचं लॉक रिव्हेटने पक्कं करायचं असेल, मागे डिस्क ब्रेक आणि एबीएसचा सेन्सर असेल, किंवा नट गंजून अडकला असेल, तर ते वर्कशॉपचं आहे. तिथे हट्ट धरण्यात शहाणपण नाही. एक धोका मात्र घरी आणि गॅरेजात सारखाच आहे. इंजिन चालू ठेवून, चाक फिरतं ठेवून चेनला फडकं लावायची सवय अनेकांना असते. फडकं चेनबरोबर ओढलं जातं आणि बोट दात्याखाली जातं. चेन पुसताना, तेल देताना चाक हातानेच फिरवायचं. याला कुठलाही अपवाद नाही.

उरते ती निगा. चेन झिजणारच आहे, मग एवढा खटाटोप कशाला, असं म्हणता येईल. पण किती दिवसांत झिजणार, हे आपल्या हातात असतं. कोकणातली लाल माती किंवा घाटावरच्या पावसाळ्यातला चिखल तेलात मिसळला की त्याची पॉलिशपेपरसारखी लापशी होते आणि ती पिन-बुशच्या फटीत शिरते. रॉकेलने धुऊन, कोरडी पुसून, ९० नंबरचं गिअर ऑइल दर ५०० किलोमीटरच्या आसपास आणि पावसात त्याही आधी दिलं, तर तोच संच बराच जास्त टिकतो. इंजिनमधून काढलेलं काळं ऑइल फुकट मिळतं म्हणून ते ओतण्याची पद्धत आहे. त्यात काजळी आणि धातूचा चुरा असतो. ओ-रिंगच्या चेनवर पेट्रोल कधीच लावू नये, कारण ते रबर खराब करतं आणि आतलं कारखान्यात भरलेलं ग्रीस मग टिकत नाही. नव्या संचाची पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये जागा बसते. तेव्हा खेळ पुन्हा एकदा पाहावा लागतो.

तेव्हा येत्या रविवारी पाने नंतर काढा, आधी फूटपट्टी काढा. ४२८ ची साधी चेन असेल तर २० कड्या मोजा. १० इंचांच्या जवळपास भरल्या, तर तेल द्या आणि गाडी तशीच चालू द्या. कुणी बदलायला सांगितलं तरी बदलू नका. ५ मिलिमीटर जास्त भरल्या, तर पूर्ण संच आणा. मग तो स्वतः बसवा की मेकॅनिककडून बसवून घ्या, हा तुमच्या सवडीचा प्रश्न आहे.