ताईत घातलेला नीरो

पॅरिस येथील लूव्र संग्रहालयांत टोगा नेसलेल्या एका रोमन मुलाचा संगमरवरी पुतळा आहे. हा बाल नीरो, असें विद्वान् मानतात. त्याच्या गळ्यांत ‘बुल्ला’ नांवाचा ताईत आहे. दृष्ट लागूं नये म्हणून रोमन नागरिकांचे मुलगे तो घालीत व वयांत येतांच गृहदेवतांना वाहत. या ताइतावरूनच पुतळ्याचा काळ अजमावतां येतो. आई अ‍ॅग्रिपिना हिच्या आग्रहावरून सम्राट् क्लॉडियसानें नीरोस दत्तक घेतलें तें इ. स. ५० मध्यें, आणि ५१ मध्यें, चौदा वर्षें पुरीं होण्याआधींच, त्याला प्रौढांचा टोगा मिळाला. राजपुत्र असून गळ्यांत ताईत, हें एवढ्या अवधींतच शक्य होतें. ५९ मध्यें त्याच आईला त्यानें ठार करविलें. ६८ मध्यें तो मेल्यावर त्याचे कित्येक पुतळे फोडले गेले, कित्येकांवर दुसऱ्यांचे चेहरे कोरले गेले. हा मुलगा मात्र शिल्लक राहिला.