समुद्र नसलेल्या जिल्ह्यातला किनारा

अरबी समुद्रापासून चारेकशे किलोमीटर आत, बुलढाणा जिल्ह्यात, एक किनारा आहे. खारं पाणी, चिखलावर क्षारांची पांढरी साय, हिवाळ्यात उतरणारे पाणपक्षी आणि काठाकाठाने जाणारी पायवाट. लोणार गावालगत जमीन एकाएकी संपते आणि हा किनारा सुमारे १५० मीटर खाली दिसतो. अशनीच्या आघाताने झालेलं हे विवर, तळाशी तळं. विवराचा व्यास १.८ किलोमीटर. इथे जाणता स्थानिक गाईड सोबत हवाच. तो नसेल तर दगड नुसते दगडच राहतात.

पहिलं नवल वरच्या कड्यावरच आहे. हा कडा आजूबाजूच्या शेतांपेक्षा वीसेक मीटर उंच. ही भर आली विवराच्या पोटातून. अशनी आदळला तेव्हा दख्खनचा सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा काळा पत्थर, म्हणजे बेसॉल्ट, फुटून बाहेर उडाला आणि काठावरचे थर तव्यावरच्या भाकरीसारखे उलथले. लाव्हाच्या थरांत जुना खाली, नवा वर असा क्रम असतो. इथे काही जागी जुना थर नव्याच्या डोक्यावर बसला आहे. एवढी उलथापालथ व्हायला एक मिनिटसुद्धा लागलं नसावं. ती कधी झाली यावर मात्र एकमत नाही. एका मोजणीनुसार सुमारे ५२ हजार वर्षांपूर्वी, दुसरीनुसार ५ लाख ७० हजार.

१८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. पुढे दीर्घकाळ अनेक जण हिला ज्वालामुखीचं मुख समजत राहिले. सगळा मुलूखच लाव्हाचा, मग दुसरं काय सुचणार? उत्तर तळात होतं. भोकं पाडून काढलेल्या नमुन्यांत मॅस्केलिनाइट सापडलं आणि १९७३ मध्ये त्यावरचा शोधनिबंध ‘सायन्स’मध्ये आला. मॅस्केलिनाइट म्हणजे स्फटिकाची काच, पण वितळून झालेली नव्हे. बाहेरचा आकार तसाच राहतो, आतली मांडणी प्रचंड दाबाने मोडते. ज्वालामुखी दगड वितळवतो. असा धक्का त्याला देता येत नाही.

उतरायची एक वाट धार नावाच्या झऱ्याजवळून, त्याच्या गोमुखापासून निघते. बेसॉल्टच्या भेगांतून झिरपलेलं या झऱ्याचं पाणी गोडं आहे, बारमाही आहे. तेच उताराने तळ्यात जातं आणि तिथे अडकतं. तळ्याला बाहेर जायला वाट नाही. ऊन पाणी उडवून नेतं, पाण्यातून आलेले क्षार मागे राहतात, आणि हे हजारो वर्षं चाललं आहे. समुद्राच्या पाण्याचा सामू ८ च्या आसपास, लोणारचा १० च्या वर. सामूचा एक अंक म्हणजे दहापट, म्हणून हे पाणी समुद्राहून शंभरपटीने अल्कधर्मी. त्याचा खारटपणा मिठापेक्षा सोड्याचा अधिक. ‘ऐन-ए-अकबरी’त या तळ्यातल्या काच आणि साबणाच्या कच्च्या मालाची नोंद आहे. इथून निघणाऱ्या क्षारांना डल्ला, पापडी, भुस्की अशी वेगवेगळी नावं होती.

काठावर आलं की आधी वास येतो, कुजका, नाकात बसणारा. अशा पाण्यात मासा सहसा टिकत नाही. तरी हे पाणी मेलेलं नाही. त्याचा हिरवा रंग सूक्ष्म जिवांचाच आहे. जून २०२० मध्ये पातळी घटली, क्षार वाढले आणि तळं गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. खाऱ्या पाण्यात फोफावणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचं ते रंगद्रव्य होतं. पावसाळा आला, पाणी पातळ झालं, रंग ओसरला. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला.

पुढे झाडीत जुनी देवळं लागतात आणि अगदी काठाशी कमळजा देवी. वाट कुठवर चालता येईल हे मात्र पाणीच ठरवतं. पातळी उतरली की चिखलाचा रुंद पट्टा मोकळा होतो, चढली की पायवाट बुडते आणि पाणी देवीच्या दाराशी येतं. म्हणून गाईडला विचारायचा पहिला प्रश्न वयाचा किंवा अशनीचा नको. विचारावं, यंदा पाणी कुठवर आहे?