जयबा, हो चि मिन्ह आणि मोबाईलमधला मावळा

जयगडच्या किल्ल्यात जयबाचं स्मारक आहे. बुरूज बांधावा आणि तो ढासळावा, असं पुन्हा पुन्हा होऊ लागलं, तेव्हा जयबा नावाचा तरुण आपणहून बळी जायला तयार झाला. म्हणून हा जयगड, अशी इथली आख्यायिका. शास्त्री नदीच्या मुखावरचा हा किल्ला विजापूरकरांचा, मग संगमेश्वरच्या नाईकांचा, पुढे कान्होजी आंग्र्यांचा. १८१८ मध्ये तो इंग्रजांना मिळाला तोही न लढता. एवढ्या सत्ता आल्या-गेल्या, पण गावाच्या तोंडी नाव राहिलं ते रणात न पडलेल्या माणसाचं. कोणाचं मरण लक्षात ठेवायचं हे नेहमी लढाईच ठरवते असं नाही.

व्हिएतनामच्या अभ्यासकांना हे वेगळं सांगायला नको. ह्यू-ताम हो ताइ या इतिहासकार विदुषींनी २००१ मध्ये तिथल्या युद्धस्मृतींवर एक पुस्तक संपादित केलं. आपल्याकडे मात्र व्हिएतनाम म्हटलं की व्हॉट्सॲपवरची गोष्ट आठवते: हो चि मिन्ह शिवरायांकडून गनिमी कावा शिकले आणि आपल्या समाधीवर ‘शिवरायांचा मावळा’ असं कोरायला सांगून गेले. हनोईच्या बा दिन्ह चौकातल्या त्या समाधीच्या दर्शनी भागावर फक्त ‘अध्यक्ष हो चि मिन्ह’ एवढंच आहे. मुळात त्यांना समाधीच नको होती. माझं दहन करा, असं ते लिहून गेले होते. सत्ताधारी पक्षाने देह जतन केला, ही इच्छा १९८९ पर्यंत दडवली आणि मृत्यूची तारीखही २ ऐवजी ३ सप्टेंबर सांगितली. २ सप्टेंबर हा राष्ट्रीय दिन ना! आपली थाप त्या मानाने भाबडीच.

परराष्ट्र धोरण बदललं की तिथे पाट्याही बदलतात. सायगॉनमध्ये १९७५ साली उघडलेल्या संग्रहालयाच्या नावात अमेरिकेचे आणि तिच्या हस्तकांचे ‘गुन्हे’ होते. १९९० मध्ये नावातून अमेरिका गेली. १९९५ मध्ये, अमेरिकेशी राजनैतिक संबंध जुळले त्याच वर्षी, ‘गुन्हे’ही गेले, उरलं ‘युद्धावशेष संग्रहालय’. चीनचं प्रकरण आणखी नाजूक. १७ फेब्रुवारी १९७९ ला चिनी फौजा उत्तर सीमेवरून आत घुसल्या. १९९१ मध्ये दोन्ही देशांचं जुळलं आणि ते युद्ध सरकारी समारंभांतून बरीच वर्षं जवळजवळ नाहीसं झालं. पराभूत दक्षिण व्हिएतनामच्या सैनिकांची बिएन होआची दफनभूमी तर २००६ पर्यंत लष्कराच्या ताब्यात होती.

भारताचा व्हिएतनामशी खरा दुवा हवा असेल तर तो १९५४ च्या जिनिव्हा करारात आहे. युद्धबंदीवर देखरेख करणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे, सोबत कॅनडा आणि पोलंड. त्याच ऑक्टोबरात नेहरू हनोईला गेले. १९५८ मध्ये हो चि मिन्ह भारतात आले. आयोगाचं काम १९७३ पर्यंत रखडत चाललं. त्यावर गेलेल्या भारतीय जवानांत आणि कारकुनांत मराठी घरांतले कोणी असतील, तर त्यांची पत्रं आणि फोटो आता नातवंडांच्या कपाटांत शोधायला हवेत.