यकृताच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर : घरी परतल्यावरचे तीन महिने

बालरोगतज्ज्ञाने यकृताच्या कर्करोगावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु या रोगाशी माझा संबंध दोन बाजूंनी येतो. एक तर हा रोग लहान मुलांनाही होतो. त्यांच्यातील प्रकाराला हेपॅटोब्लास्टोमा म्हणतात आणि तो बहुधा तीन वर्षांच्या आतील मुलांत आढळतो. दुसरे असे की, आपल्या बिदर-कलबुर्गी भागात नातवाला लस देण्यासाठी आलेले कुटुंब जाताना आजोबांची फाईलही पुढे ठेवते आणि विचारते, "बाई, आता यांना खायला काय द्यायचं?" हा प्रश्न साधा नाही. शस्त्रक्रियेचे यश पुढे टिकते की नाही, हे पुष्कळदा त्याच्या उत्तरावर ठरते.

आपल्याकडील रुग्ण शस्त्रक्रियेसाठी हैदराबाद, सोलापूर, बंगळूर किंवा मुंबईस जातो. गुंतागुंत झाली नाही तर आठ-दहा दिवसांत तो भालकी, औराद, बसवकल्याण वा आळंद तालुक्यातील आपल्या गावी परततो. शल्यचिकित्सक आता शेकडो किलोमीटर दूर असतो. जवळ असतात ते घरची माणसे आणि गावचा डॉक्टर. पुढील तीन महिन्यांचे काम या दोघांचे आहे.

उरलेले यकृत कसे वाढते?

प्रौढ माणसाचे यकृत साधारण सव्वा ते दीड किलो वजनाचे असते. ते निरोगी असेल तर सुमारे ७० टक्के भाग काढला तरी माणूस जगू शकतो, कारण उरलेल्या पेशी वाढून आकारमान भरून काढतात. ही वाढ पहिल्या काही आठवड्यांत वेगाने आणि नंतर काही महिने सावकाश होते. कापलेला भाग पुन्हा फुटत नाही, उरलेला भाग मोठा होतो.

मात्र प्रौढांमधील यकृताचा कर्करोग बहुधा आधीच खराब झालेल्या यकृतात होतो. हिपॅटायटिस बी व सी, दारू आणि मधुमेह-स्थूलतेबरोबर येणारी यकृतातील चरबी ही त्याची मुख्य कारणे आहेत. यकृत निबर होऊन आक्रसले असेल, म्हणजे सिऱ्होसिस झाला असेल, तर किमान ४० टक्के भाग शिल्लक ठेवावा लागतो आणि वाढही मंद होते. म्हणून शेजारच्या गावातील रुग्ण महिन्याभरात शेतावर जाऊ लागला, मग आपला का नाही, ही तुलना व्यर्थ आहे. मुलांचे उरलेले यकृत बहुतेक वेळा निरोगी असते, त्यामुळे ती आश्चर्यकारक वेगाने सावरतात.

पथ्याचा अतिरेक

आपल्याकडे यकृत म्हटले की कावीळ आठवते, आणि कावीळ म्हटली की तेल बंद, डाळ बंद, अंडे बंद, फक्त उसाचा रस आणि साखरपाणी! शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णास हे पथ्य अपायकारक आहे. नवे यकृत घडायला प्रथिने लागतात. ती अन्नातून मिळाली नाहीत तर शरीर स्वतःचे स्नायू झिजवते, जखम भरत नाही आणि जंतुसंसर्ग बळावतो. सिऱ्होसिसच्या रुग्णाची प्रथिने सरसकट तोडण्याची जुनी पद्धतही आता मागे पडली आहे.

भालकी तालुक्यातील अडीच वर्षांचा एक मुलगा शस्त्रक्रियेनंतर पाच आठवड्यांनी माझ्याकडे आला, तेव्हा त्याचे वजन दीड किलोने घटले होते. कागदावर इंग्रजीत 'उच्च प्रथिनयुक्त आहार' एवढेच लिहिलेले होते. घरी मराठी बोलणाऱ्या त्याच्या आजीने मात्र यकृताचे दुखणे म्हणून भात आणि ग्लुकोजच्या पाण्यावर त्याला ठेवले होते. तिच्या मायेत काही कमी नव्हते. तिला तिच्या भाषेत कोणी सांगितले नव्हते, इतकेच. वरण, अंडे आणि दूध सुरू केल्यावर ते मूल सावरले.

प्रौढास दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या माणसास म्हणजे ७२ ते ९० ग्रॅम. त्यासाठी महागड्या पावडरीच्या डब्याची गरज नाही. दोनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून सुमारे २० ग्रॅम, शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीतून २२, दोन अंड्यांतून १२, अर्धा लिटर दूध-दह्यातून १६ आणि मूठभर शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम, अशी ७७ ग्रॅमची बेरीज आपल्याच स्वयंपाकघरात होते. कलबुर्गीची तूर तर २०१९ पासून भौगोलिक मानांकन मिरवते आहे. शेंगदाणे मात्र बुरशी न लागलेले घ्यावेत, कारण त्या बुरशीतील अफ्लाटॉक्सिन हेच यकृताच्या कर्करोगाचे एक कारण आहे. एकदम पोटभर खाववत नसेल तर दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे. सिऱ्होसिसच्या रुग्णाने रात्री निजण्यापूर्वीही काही खावे, कारण त्याचे यकृत रात्रभराचा उपास सोसू शकत नाही. पोटात पाणी साठले असेल तर मीठ कमी करावे. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे.

हालचाल आणि विश्रांती

'मोठे ऑपरेशन झाले आहे, हलू देऊ नका' हा आणखी एक गैरसमज. आता रुग्णास शक्यतो दुसऱ्याच दिवशी उठवून बसवतात व चालवतात. त्यामुळे फुप्फुसांत कफ साचत नाही आणि पायांतील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका घटतो. घरी आल्यावर अंगणात पाच मिनिटे, मग दहा, असे दररोज वाढवत अर्ध्या तासापर्यंत चालावे. रुग्णालयाने दिलेले तीन चेंडूंचे श्वासाचे यंत्र कपाटात न ठेवता वापरावे. खोकताना पोटावर उशी धरली की टाके कमी दुखतात. जड वजन मात्र सहा आठवडे उचलू नये. पाण्याची भरलेली घागर, खताचे पोते, कडेवरचे नातवंड, सारे यात आले. नांगरणी-कुळवणीसारखी कामे दोन ते तीन महिन्यांनी आणि शल्यचिकित्सकास विचारूनच सुरू करावीत. थकवा बरेच आठवडे टिकतो, त्याने घाबरून जाऊ नये.

औषधांबाबत सावधानता

गावातील सहव्यवसायी बंधुभगिनींना विशेष विनंती आहे. या रुग्णांना डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके शक्यतो देऊ नयेत. त्यांनी रक्तस्राव होऊ शकतो व मूत्रपिंड बिघडू शकते. पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित आहे, पण सिऱ्होसिस असलेल्या किंवा यकृताचा मोठा भाग काढलेल्या प्रौढास दिवसाला २ ग्रॅमच्या आत ठेवणे बरे. झोपेच्या गोळ्या टाळाव्यात.

काविळीचे गावठी औषध, काढे आणि 'यकृतशुद्धी'ची चूर्णे पूर्णपणे वर्ज्य असावीत. 'झाडपाल्याने अपाय होत नाही' हा समज खरा नाही. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली आहे. दारू, ताडी व शिंदी थोडीदेखील नको. तंबाखूही सोडावा.

हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाने एन्टेकॅविर किंवा टेनोफोविर ही गोळी मनाने कधीच बंद करू नये. ती बंद केल्यास विषाणू उसळून उरलेले यकृत निकामी होऊ शकते. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिस बी व सी यांची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात.

धोक्याच्या खुणा

पुढीलपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयाशी संपर्क साधावा :

– १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप, थंडी वाजणे.
– डोळे पिवळे होणे किंवा ओसरलेली कावीळ पुन्हा वाढणे.
– जखमेतून किंवा नळीतून हिरवट-पिवळा स्राव. हे पित्त गळत असल्याचे लक्षण आहे.
– पोट फुगत जाणे, लघवी कमी होणे.
– रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचास होणे.
– एकाच पायाला सूज व दुखणे, किंवा एकाएकी धाप लागणे.
– दिवसा झोप व रात्री जाग, असंबद्ध बोलणे, हात थरथरणे.

शेवटची खूण घरच्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. 'म्हातारपणामुळे बडबडतात' असे म्हणून दोन दिवस निघून जातात. वस्तुतः ते यकृत कमी पडत असल्याचे लक्षण असू शकते.

लहान मुलांविषयी

हेपॅटोब्लास्टोमाच्या मुलांना शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर सिस्प्लॅटिन हे औषध देतात. संपूर्ण गाठ निघाली आणि उपचार पुरे झाले तर यांतील बहुसंख्य मुले बरी होतात. हे वाक्य पालकांना मी मुद्दाम दोनदा सांगते, कारण कर्करोग हा शब्द ऐकताच ते आशा सोडून उपचार अर्धवट टाकण्याची भीती असते.

रक्तातील अल्फाफिटोप्रोटीनचे प्रमाण हा या मुलांतील मुख्य मार्गदर्शक. ते शस्त्रक्रियेनंतर एकदम उतरत नाही, साधारण पाच ते सात दिवसांनी निम्मे होते. म्हणजे १,००० असलेला आकडा दहाच्या खाली यायला पाच ते सात आठवडे लागतात. आकडा घटत असेल तर धीर धरावा. घटता घटता पुन्हा चढू लागला तर त्वरित तपासणी हवी. एक वर्षाखालील बाळात तो मुळातच जास्त असतो, हेही लक्षात ठेवावे.

सिस्प्लॅटिनमुळे ऐकू येणे कमी होऊ शकते. सोडियम थायोसल्फेट दिल्यास हा धोका जवळजवळ निम्म्यावर येतो, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसले. बोलणे उशिरा येणाऱ्या किंवा हाकेला ओ न देणाऱ्या अशा मुलास हट्टी न ठरवता त्याचे कान तपासावेत. गोवरासारख्या जिवंत लसी केमोथेरपीच्या काळात देऊ नयेत. राहिलेल्या लसी कधी द्यायच्या, हे कर्करोगतज्ज्ञास विचारून ठरवावे.

पुढील तपासण्या आणि घरातील माणसे

प्रौढांमध्ये हा रोग पाच वर्षांत निम्म्याहून अधिक जणांत पुन्हा उद्भवतो. ऐकायला हे कठोर आहे, पण लवकर सापडलेल्या लहान गाठीवर पुन्हा उपचार करता येतात. म्हणून पहिली दोन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी सी.टी. किंवा एम.आर.आय. आणि रक्ततपासणी, व त्यानंतर सांगितलेल्या अंतराने तपासणी चुकवू नये. पुढच्या उपचारांसाठी कलबुर्गीत किदवई संस्थेचे उपकेंद्र आहे. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, हैदराबादची एम.एन.जे. संस्था आणि मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय यांचाही या भागातील रुग्णांना आधार आहे.

रुग्णास हिपॅटायटिस बी असेल तर पत्नी, मुले व भावंडांचीही रक्ततपासणी करावी आणि ज्यांना संसर्ग नाही त्यांना लस द्यावी. नवजात बाळास पहिली मात्रा २४ तासांच्या आत मिळाली पाहिजे. तैवानने १९८४ साली बाळांना ही लस देण्यास प्रारंभ केला आणि तेथील मुलांमधील यकृताचा कर्करोग स्पष्टपणे घटला. आपल्या कर्नाटकात ती २००७-०८ मध्ये सरकारी लसीकरणात आली, पण त्यापूर्वी जन्मलेले अनेक जण अजून तिच्यावाचून आहेत.

एक कागद

आपल्या भागात घरी मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात उर्दू आणि हैदराबादच्या रुग्णालयात तेलुगू व इंग्रजी, अशा पाच भाषांतून रुग्ण वाट काढतो. त्या वाटेवर सूचना हरवतात. आपल्या संघटनेने मराठी व कन्नडमध्ये एक पानाचा कागद तयार करावा, अशी माझी सूचना आहे. त्यावर कोणती शस्त्रक्रिया झाली, काय खावे, कोणती औषधे चालू व कोणती वर्ज्य, धोक्याच्या खुणा, पुढील तपासणीची तारीख आणि रुग्णालयाचा दूरध्वनी एवढेच असावे. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी तो घरच्या माणसांना वाचून दाखवावा, विशेषतः जी व्यक्ती स्वयंपाक करते तिला, आणि तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावण्यास सांगावे. खर्च एका पानाच्या छपाईचा आहे. एवढ्याने एक जरी रुग्ण शस्त्रक्रियेनंतर उपासमारीने वा उशिराने दगावण्यापासून वाचला, तरी तो खर्च सार्थकी लागेल.