पुस्तकांची भिशी आणि घरातल्या दोन लिप्या

मराठी मुलखातल्या बऱ्याच मुस्लिम घरांत पुस्तकांचे दोन कप्पे असतात. एक दादी-नानीचा. त्यात 'खातून-ए-मश्रिक'चे जुने अंक, पानं सुटलेल्या इब्ने सफींच्या जासूसी कादंबऱ्या. दुसरा मुलांचा, मराठी किंवा इंग्रजी माध्यमाचा. दोन्ही कप्प्यांचे वाचक एकाच दस्तरखानावर जेवतात, पण एकमेकांचं पुस्तक उघडत नाहीत. बोलणं एकमेकांना कळतं, लिपी कळत नाही. मग दादी गेल्या की त्यांचा कप्पा किलोच्या भावाने रद्दीत जातो, आणि काय गेलं हे देणाऱ्यालाही कळत नाही.

आम्ही शिरगावच्या आठ मैत्रिणींनी यावर जो मार्ग काढलाय, तो भिशीचा. आमचं शिरगाव मावळातलं, सोमाटणे फाट्याजवळचं. बाहेरच्यांना ते प्रति शिर्डीच्या मंदिरामुळे माहीत असतं. आमच्यातल्या काही जणी उर्दू शाळेत शिकल्या, काही मराठी शाळेत, आणि दोन्ही वाचता येणाऱ्या दोनच. पुस्तक भिशी ही कल्पना काही आमची नव्हे, महाराष्ट्रात ठिकठिकाणी ती चालते. पण दोन लिप्यांच्या घरांसाठी ती फार सोयीची आहे, म्हणून पद्धत नीट सांगतो.

दर महिन्याला प्रत्येकीने १०० रुपये काढायचे. आठ जणींचे ८०० झाले. चिठ्ठी जिच्या नावाची निघेल तिने त्या पैशांची तीन-चार पुस्तकं घ्यायची. पुस्तकं तिचीच, पण तिच्या कपाटात जाण्याआधी ती आठही घरांतून फिरून आली पाहिजेत. आठ महिन्यांत फेरा पुरा होतो. प्रत्येकीकडे ८०० रुपयांची पुस्तकं राहतात आणि वाचायला मिळतात पंचवीसेक. एक अट मात्र आमच्या गरजेची आहे: निदान एक पुस्तक उर्दू आणि एक मराठी हवंच. मराठी पुस्तकांसाठी तळेगावहून लोकल पकडून पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जायचं. उर्दूसाठी मुंबईला भेंडीबाजारात कुणी जाणारं असेल तर त्याच्या हातात यादी द्यायची. तेही जमलं नाही तर 'रेख्ता'ची वेबसाइट आहे. तिथे जुनी उर्दू पुस्तकं वाचता येतात, आणि शायरी नागरी लिपीतही मिळते.

खरी गंमत महिन्याच्या बैठकीत असते. तिथे पुस्तक मोठ्याने वाचलं जातं. जिला लिपी येते ती वाचते, बाकीच्या ऐकतात. सुरुवात प्रेमचंदांच्या 'ईदगाह'ने करावी असं आम्ही सगळ्यांना सुचवू. प्रेमचंद उर्दूतही लिहायचे आणि हिंदीतही, त्यामुळे त्यांची गोष्ट दोन्ही लिप्यांत मिळते. एकीच्या हातात उर्दू प्रत, दुसरीच्या हातात नागरी. एखादा शब्द इकडे वेगळा, तिकडे वेगळा निघाला की "तुमच्यात चुकीचं छापलंय" म्हणून दोन्हीकडून दावे सुरू होतात. हमीदचा चिमटा बाजूलाच राहतो.

मग व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. १९५५ ची ही छोटी कादंबरी, नव्या मास्तरची आणि धनगरांच्या वाडीची. त्यातली माणदेशी बोली मराठी शाळेत शिकलेल्यांनाही अडते, त्यामुळे इथे सगळ्या एका पातळीवर येतात. त्यात आयबू येतो. त्याचं नाव ऐकताच आमच्यातल्या सगळ्यात वडील खाला म्हणाल्या, "हा तर आपला अय्यूब!" तिथून पुढे त्यांनी एकही बैठक चुकवली नाही. गो. नी. दांडेकर तर आमच्या शेजारचेच, तळेगाव दाभाड्याला राहायचे. त्यांचा 'पवनाकाठचा धोंडी' वाचताना खाला मधेमधे थांबवून गावांची नावं दुरुस्त करायला बघतात. पवनेच्या काठी अख्खा जन्म गेलाय, त्यामुळे लेखकापेक्षा नदी आपल्याला जास्त ठाऊक, असं त्यांचं मत आहे. त्यांना कोण अडवणार?

उलटा प्रवासही होतो. इब्ने सफींची 'जासूसी दुनिया' १९५२ मध्ये अलाहाबादहून सुरू झाली. तिच्यातले फरीदी आणि हमीद मराठीवाल्यांना ऐकवले तर त्या लगेच बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड काढतात. कोण भारी, हा वाद अजून मिटलेला नाही. मिटू नये अशीच सगळ्यांची इच्छा दिसते.

सगळेच वाद इतके गोड नसतात. हमीद दलवाईंची 'इंधन' (१९६५) घ्यायची की नाही यावर दोन बैठका गेल्या. कोकणातल्या गावची, हिंदू-मुस्लिम ताणाची ही कादंबरी. दलवाईंचं नाव निघालं की आपल्या समाजात अजूनही दोन तट पडतात, तसे आमच्यातही पडले. दोघी म्हणाल्या, आम्ही हातही लावणार नाही. शेवटी ठरलं की ज्यांना वाचायचंय त्यांनी वाचावी, बाकीच्यांनी फक्त ऐकावं, आणि पुस्तक संपेपर्यंत लेखकाच्या बाकीच्या कामावर कुणी बोलू नये. ऐकायला बसलेल्या त्या दोघींनीच शेवटी सगळ्यात जास्त प्रश्न विचारले. त्यांचं मत बदललं असं नाही. पण आता त्या "मी ऐकलंय" म्हणून नाराजी सांगतात. याला आम्ही फार मोठी गोष्ट मानतो.

मंडळींच्या खोडी तर सगळीकडे सारख्याच असाव्यात. एक जण कधीच पुस्तक पुरं करत नाही, पण बोलते सगळ्यात जास्त. एक शेवट आधी वाचते आणि सांगूनही टाकते. एका घरातून पुस्तक परत आलं की त्यावर हळदीचा डाग असणारच. नवरे मंडळी विचारतात, "तिथे नक्की करता काय?" नियम म्हणाल तर खाण्याचा एकच: चहा आणि एक पदार्थ. नाहीतर पुढची बैठक पुस्तकाची राहत नाही, बिर्याणीची होते. रमजानमध्ये बैठक बंद, फक्त पुस्तकं फिरत राहतात.

भिशी जमत नसेल तर दुसरे मार्ग आहेत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या विनायक रानडे यांनी 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना सुरू केली. त्यात पुस्तकांनी भरलेली पेटी वाचकांच्या एका गटाकडे येते, काही महिन्यांनी ती दुसरीकडे जाते आणि वेगळी पेटी मिळते. परदेशातल्या मराठी घरांपर्यंतही या पेट्या पोचल्या आहेत. मुलांसाठी तर औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. तिथे पुस्तकविक्रेते मिर्झा अब्दुल कय्यूम नदवी यांची मुलगी मरियम हिने शाळेत असतानाच, २०२१ मध्ये, मोहल्ल्यातल्या मुलांसाठी ग्रंथालय सुरू केलं. पुढे एकेका मोहल्ल्यात अशी ग्रंथालयं उभी राहिली.

आमच्याकडे मुलांसाठी वेगळं काही नाही, पण आयांबरोबर मुलं येऊन बसतात. पाचवीतल्या एका मुलाला फरीदीची पुढची गोष्ट हवी होती आणि वाचून दाखवणारी आठवडाभर माहेरी गेलेली. त्याने दादीला सांगितलं, मला अलिफ-बे शिकव. दादी त्याला त्याच कादंबरीतून शिकवतायत. कायद्याचं पुस्तक त्याला कंटाळवाणं वाटतं म्हणे. वेग बघता फरीदीला चोर सापडायला ईद उजाडेल.